गोपनीयता, ब्राउझरमधील

ब्राउझरमधील गोपनीयता : आंतरजालावरील पृष्ठे पाहताना पाहणारा कोण आहे, तो कोठून पाहत आहे आणि यापूर्वी त्याने काय काय पाहिले आहे, ही माहिती त्याच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध इतरांच्या हाती जाऊ न देणे म्हणजे ब्राउझरमधील गोपनीयता होय. ब्राउझर (न्याहाळक) ही संगणकावर किंवा मोबाईलवर चालणारी आज्ञावली असून ती दूरच्या सर्व्हरकडून (सेवासंगणकाकडून) पृष्ठ मागविते व ते पडद्यावर मांडते. ही मागणी करताना पृष्ठासाठी आवश्यक असलेली माहिती तर पाठविली जातेच. शिवाय आवश्यक नसलेली पुष्कळ माहितीही तिच्याबरोबर जाते. ही गळती कमी करण्यासाठी तीन प्रकारची साधने वापरली जातात : (१) ब्राउझरमधील अंगभूत सोयी, (२) ब्राउझरला जोडावयाची विस्तारके (एक्स्टेंशन) व (३) ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्या मध्ये उभे राहणारे प्रॉक्सी सर्व्हर. यांपैकी बरीच साधने विनामूल्य मिळतात. प्रत्येक साधन माहितीच्या एखाद्या विशिष्ट वाटेवरच बंधन घालते; सर्व वाटा बंद करणारे एकच एक साधन उपलब्ध नाही. म्हणून कोणती माहिती कोणापासून लपवावयाची आहे, हे प्रथम ठरविल्याशिवाय साधनाची निवड योग्य होत नाही.

गरज : आपल्याला लपविण्यासारखे काही नाही, तेव्हा गोपनीयतेची जरुरी नाही, असा एक सर्वसाधारण समज आहे. परंतु मनुष्य ब्राउझरमध्ये जे शोधतो, ते तो पुष्कळदा घरातील माणसांनाही सांगत नाही. आजाराची लक्षणे, कर्जफेडीची चिंता, घटस्फोटाची तरतूद, नोकरी बदलण्याचा विचार, अशा गोष्टी शोधाच्या चौकटीत निःसंकोचपणे लिहिल्या जातात. अशा नोंदींतील केवळ नाव काढून टाकले म्हणजे व्यक्ती अनोळखी राहते, ही समजूत २००६ साली खोटी ठरली. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात एओएल या अमेरिकन कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे दोन कोटी शोध प्रसिद्ध केले. प्रत्येकाच्या नावाऐवजी फक्त एक क्रमांक दिलेला होता. असे असूनही द न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाच्या वार्ताहरांनी एका क्रमांकाखालील शोध वाचून थोड्याच दिवसांत ते करणाऱ्या वृद्ध महिलेचे घर शोधून काढले. गावाचे नाव, आडनाव, दुखणी व पाळीव प्राणी यांविषयीचे विखुरलेले शोध एकत्र ठेवताच त्यांतून एक माणूस उभा राहिला. कंपनीने ती माहिती मागे घेतली, परंतु तोपर्यंत तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या. एकदा बाहेर गेलेली माहिती परत आणता येत नाही, हे गोपनीयतेच्या प्रश्नाचे मुख्य लक्षण आहे. यामुळे येथे उपचारापेक्षा प्रतिबंधाला अधिक महत्त्व आहे.

माहिती बाहेर जाण्याचे मार्ग : हे मार्ग मुख्यत्वे चार आहेत.

(अ) आयपी पत्ता : आंतरजालाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला संदेश पोहोचविण्यासाठी अंकी पत्ता लागतो. जुन्या (चौथ्या आवृत्तीच्या) पद्धतीत तो ३२ द्विमान अंकांचा, तर नव्या (सहाव्या आवृत्तीच्या) पद्धतीत १२८ द्विमान अंकांचा असतो. उत्तर परत यावयाचे असल्याने हा पत्ता संकेतस्थळाला कळणे अपरिहार्य आहे. त्यावरून वापरकर्त्याची सेवा कंपनी व स्थूलमानाने शहर समजते. घराचा पत्ता मात्र सामान्यतः केवळ सेवा कंपनीलाच ठाऊक असतो. मोबाईल जोडणीत अनेक ग्राहकांना मिळून जुन्या पद्धतीचा एकच सार्वजनिक पत्ता दिला जातो, त्यामुळे केवळ पत्त्यावरून एका व्यक्तीपर्यंत पोहोचणे नेहमीच शक्य नसते.

(आ) नावांची चौकशी : वापरकर्ता संकेतस्थळाचे नाव लिहितो, परंतु जोडणीसाठी अंकी पत्ता लागतो. तो विचारण्यासाठी ब्राउझर नामसेवा (डीएनएस) सर्व्हरकडे चौकशी पाठवितो. ही चौकशी मूळ पद्धतीत उघड्या स्वरूपात जाते. त्यामुळे पृष्ठावरील मजकूर जरी कूटबद्ध असला, तरी कोणते स्थळ उघडले हे वाटेतील कोणासही वाचता येते. ही चौकशी कूटबद्ध करून पाठविण्याची एक प्रमाण पद्धत २०१८ साली निश्चित करण्यात आली व प्रमुख ब्राउझरांत ती उपलब्ध आहे.

(इ) कुकी : मूळ आंतरजालीय नियमावलीनुसार सर्व्हरला आधीच्या भेटीची आठवण राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये कुकीची योजना केली. सर्व्हर एक लहानशी खूण ब्राउझरजवळ ठेवावयास देतो व पुढील प्रत्येक भेटीत ब्राउझर ती परत दाखवितो. देवळाबाहेर पादत्राणे ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखे हे आहे. बिल्ल्यावर नाव नसते, पण तो दाखविणारा तोच, हे निश्चित होते. खरेदीची यादी किंवा प्रवेश केल्याची नोंद राखण्यास हे उपयुक्त आहे. अडचण उद्‌भवते ती त्रयस्थ कुकीमुळे. एका वृत्तपत्राच्या पृष्ठावर जाहिरात कंपनीचे चित्र असेल, तर त्या चित्राबरोबर जाहिरात कंपनीही आपली खूण ठेवते. त्याच कंपनीच्या जाहिराती इतर हजारो स्थळांवर असल्यास तोच बिल्ला सर्वत्र दाखविला जातो व एका वापरकर्त्याचा सर्व प्रवास एका वहीत उतरतो. कुकीविषयीच्या १९९७ सालच्या पहिल्या औपचारिक नियमावलीतच हा धोका ओळखून त्रयस्थ कुकी मुळातच नाकाराव्यात, असे सुचविलेले होते. तथापि तत्कालीन प्रमुख ब्राउझरांनी ती सूचना अमलात आणली नाही.

(ई) ब्राउझरचा ठसा : कुकी पुसून टाकता येते, ठसा पुसता येत नाही. ब्राउझरची आवृत्ती, पडद्याचा आकार, कालविभाग, भाषा, बसविलेले टंक (फाँट), चित्र रेखाटण्याची यंत्रणेची विशिष्ट लकब इ. गोष्टी स्वतंत्रपणे क्षुल्लक असतात. परंतु त्या एकत्र केल्यास होणारा मेळ बहुधा दुसऱ्या कोणाशी जुळत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेतील पीटर एकर्स्ली यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलेल्या ४,७०,१६१ ब्राउझरांपैकी ८३·६ टक्के ब्राउझरांचा ठसा एकमेव आढळला. तपासणीसाठी स्वेच्छेने आलेल्या लोकांपुरताच हा निष्कर्ष असला, तरी कुकी नाकारूनही ओळख उरते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

कूटबद्ध जोडणी : गोपनीयतेच्या इतर सर्व साधनांचा पाया म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांमधील मजकूर कूटबद्ध करणे हा होय. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये यासाठी एक पद्धत प्रचारात आणली. तिचीच सुधारित रूपे पुढे टीएलएस या नावाने प्रमाण झाली व तिची १·३ ही आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असल्यास जोडणी कूटबद्ध आहे, असे समजावे. यासाठी लागणारी प्रमाणपत्रे लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून विनामूल्य देऊ लागल्यानंतर लहान संकेतस्थळांनाही ही सोय परवडू लागली. कूटबद्ध जोडणीत वाटेतील व्यक्तीला पृष्ठावरील मजकूर, लिहिलेला परवलीचा शब्द किंवा स्थळातील नेमके पान दिसत नाही. परंतु कोणत्या सर्व्हरशी, केव्हा व किती माहितीची देवाणघेवाण झाली, हे सामान्यतः दिसते. बंद पाकिटातील पत्र टपालवाल्यास वाचता येत नाही, पण पाकिटावरील पत्ता त्याला वाचावाच लागतो, तसेच हे आहे.

प्रॉक्सी सर्व्हर : वापरकर्त्याच्या वतीने पृष्ठ मागवून ते त्याच्या स्वाधीन करणाऱ्या मध्यस्थ संगणकाला प्रॉक्सी (प्रतिनिधी) सर्व्हर म्हणतात. संकेतस्थळाला मागणी प्रॉक्सीकडून आल्याचे दिसते. त्यामुळे वापरकर्त्याचा आयपी पत्ता त्याच्या दृष्टिआड राहतो.

प्रॉक्सीचा जन्म गोपनीयतेसाठी झालेला नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, संरक्षक भिंतीआड (फायरवॉल) असलेल्या कार्यालयीन संगणकांना बाहेरील पृष्ठे मिळावीत व वारंवार लागणाऱ्या पृष्ठांची प्रत जवळ ठेवून वेळ वाचावा, या हेतूंनी सर्नच्या सर्व्हर-आज्ञावलीत प्रॉक्सीची सोय करण्यात आली. तिचे वर्णन आरी लुओटोनेन व केव्हिन आल्टिस यांनी १९९४ मध्ये केले. पत्ता झाकला जाणे हा या योजनेचा आनुषंगिक परिणाम होता. पुढे तोच अनेकांना मुख्य उपयोग वाटू लागला.

वापराच्या दृष्टीने प्रॉक्सीचे तीन प्रकार पडतात. (१) एचटीटीपी प्रॉक्सी केवळ पृष्ठांची मागणी हाताळतो. कूटबद्ध पृष्ठासाठी ब्राउझर त्याला फक्त स्थळाचे नाव सांगून आरपार बोगदा मागतो. मग बोगद्यातील मजकूर प्रॉक्सीला वाचता येत नाही. साध्या पृष्ठाच्या बाबतीत मात्र तो सर्व मजकूर वाचू व बदलूही शकतो. (२) सॉक्स प्रॉक्सी कोणत्याही प्रकारची जोडणी पुढे पाठवितो. त्याची पाचवी आवृत्ती १९९६ मध्ये प्रमाण झाली. (३) संकेतस्थळाच्या रूपातील प्रॉक्सीवर हवा तो पत्ता लिहिला की, ते पृष्ठ त्याच चौकटीत उघडते. यासाठी ब्राउझरमध्ये काहीच बदल करावा लागत नाही, ही सोय होय. परंतु येथे कूटबद्ध मजकूरही मध्यस्थाच्या संगणकावर उलगडला जातो व परवलीच्या शब्दासह सर्व काही त्याला दिसते, हा मोठा दोष होय.

सर्वच प्रॉक्सी पत्ता लपवितात असे नाही. काही प्रॉक्सी मागणीच्या शीर्षात वापरकर्त्याचा मूळ पत्ता पुढे कळवितात, काही केवळ आपण प्रॉक्सी असल्याचे सांगतात, तर काही दोन्ही गोष्टी गुप्त ठेवतात. शिवाय ब्राउझरची एखादी क्रिया प्रॉक्सीला वळसा घालून सरळ बाहेर जाऊ शकते. उदा., सॉक्स प्रॉक्सी लावूनही नावांची चौकशी स्थानिक सर्व्हरकडेच जात राहते, जर ती प्रॉक्सीमार्फत करण्याचा पर्याय निवडलेला नसेल. तसेच ब्राउझरमधून प्रत्यक्ष संभाषण करण्यासाठी असलेल्या वेबआरटीसी या सोयीमुळे खरा पत्ता उघड होतो, हे २०१५ मध्ये प्रात्यक्षिकाने दाखविण्यात आले. प्रॉक्सीमुळे कुकी व ब्राउझरचा ठसा यांवर काहीच परिणाम होत नाही. एकाच बिल्ल्यासह वेगळ्या दारातून आत आलेला मनुष्य ओळखला जातोच.

विनामूल्य प्रॉक्सीतील धोके : प्रॉक्सीमुळे विश्वासाची गरज नाहीशी होत नाही, ती फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. पूर्वी जे सेवा कंपनीला दिसत होते, ते आता प्रॉक्सी चालविणाऱ्याला दिसते. सेवा कंपनी निदान परवानाधारक व कायद्याने उत्तरदायी असते. खुल्या यादीतून निवडलेल्या प्रॉक्सीचा चालक कोण, हे बहुधा कोणालाच माहीत नसते. सर्व्हर चालविण्यास खर्च येतो. तो वापरकर्ता देत नसेल, तर कोण देतो आणि कशाच्या मोबदल्यात, हा प्रश्न प्रत्येक विनामूल्य सेवेविषयी विचारावा लागतो.

जॉर्जटाउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत याद्यांमध्ये नोंदलेले १,०७,००० हून अधिक खुले प्रॉक्सी ५० दिवस तपासले. त्यांतील ९२ टक्क्यांहून अधिक प्रॉक्सींनी प्रतिसादच दिला नाही. जे चालू होते त्यांपैकी काहींनी पृष्ठात परस्पर भर घालून वापरकर्त्याच्या संगणकावर आभासी चलनाचे उत्खनन चालविले होते. काहींनी कूटबद्ध जोडणीत घुसण्याचा प्रयत्न केला. तर काहींनी वापरकर्त्याने उतरवून घेतलेल्या आज्ञावलीत संगणकाचा ताबा घेणारी घातक आज्ञावली मिसळली. सर्व प्रॉक्सी असे असतात असा याचा अर्थ नव्हे. परंतु प्रामाणिक व अप्रामाणिक प्रॉक्सी बाहेरून सारखेच दिसतात.

मोबदला दुसऱ्या रूपातही घेतला जातो. ब्राउझरला जोडता येणाऱ्या होला या लोकप्रिय विनामूल्य सेवेत प्रत्येक विनामूल्य वापरकर्त्याच्या जोडणीतून इतरांची वाहतूक बाहेर पाठविली जाते व ही क्षमता दुसऱ्या नावाने व्यावसायिक ग्राहकांना विकली जाते, हे २०१५ मध्ये उघडकीस आले. अशा व्यवस्थेत परक्या व्यक्तीने केलेल्या कृत्याच्या नोंदी निरपराध वापरकर्त्याच्या आयपी पत्त्यावर उमटू शकतात.

चालक प्रामाणिक असला तरी एकाच मध्यस्थावर सर्व भार ठेवणे जोखमीचे असते. फिनलंडमधील योहान हेल्सिंगिअस यांनी १९९३ मध्ये निनावी पत्रे पुढे पाठविणारी विनामूल्य सेवा सुरू केली होती. कोणते टोपणनाव कोणाचे, याची नोंद एकाच संगणकावर असल्याने न्यायालयीन मार्गाने ती मागविता येत असे. अशा मागण्यांमुळे १९९६ मध्ये त्यांनी ती सेवा बंद केली. जी नोंद अस्तित्वात आहे ती मागितली जाऊ शकते, हा धडा पुढील सर्व योजनांना मार्गदर्शक ठरला.

आभासी खाजगी जाल (व्हीपीएन) ही प्रॉक्सीशी साम्य असलेली सेवा आहे. तीत केवळ ब्राउझरची नव्हे, तर उपकरणातील सर्व वाहतूक कूटबद्ध बोगद्यातून मध्यस्थाकडे जाते. सार्वजनिक ठिकाणच्या बिनतारी जोडणीवर तिचा चांगला उपयोग होतो. तथापि विश्वासाचा वरील प्रश्न तीतही तसाच शिल्लक राहतो.

टॉर : एका मध्यस्थाऐवजी अनेक मध्यस्थ वापरून कोणालाही संपूर्ण माहिती मिळू न देणे, ही कल्पना डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये मांडली. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात तिच्या आधारे ‘कांदा-मार्गण’ पद्धत विकसित झाली. संदेशावर कूटलेखनाचे एकावर एक थर चढविले जातात व प्रत्येक टप्प्यावर कांद्याच्या पापुद्र्याप्रमाणे एकेक थर उलगडतो, यावरून हे नाव पडले आहे. या पद्धतीवरील टॉर हे जाल २००२ मध्ये कार्यान्वित झाले व २००६ पासून एक ना-नफा संस्था त्याचे काम पाहते. वापरकर्त्याची मागणी सामान्यतः तीन स्वयंसेवी सर्व्हरांतून जाते. पहिल्याला वापरकर्ता माहीत असतो, पण तो कोठे चालला आहे ते कळत नाही. तिसऱ्याला गंतव्य स्थळ कळते, पण प्रवासी कोण ते कळत नाही. मधल्याला दोन्हीही कळत नाही. यासोबत दिला जाणारा टॉर ब्राउझर सर्व वापरकर्त्यांचे ठसे शक्य तितके एकसारखे ठेवतो. गर्दीत मिसळून जाणे हेच येथे संरक्षणाचे तत्त्व आहे.

टॉरलाही मर्यादा आहेत. अनेक टप्प्यांमुळे वेग मंदावतो व काही संकेतस्थळे टॉरमधून आलेली मागणी नाकारतात. दोन्ही टोकांवर नजर ठेवू शकणारा बलाढ्य निरीक्षक वेळेची सांगड घालून प्रवासी ओळखू शकतो. शेवटच्या सर्व्हरपासून पुढील वाट कूटबद्ध नसेल, तर तेथील चालकाला मजकूर वाचता येतो. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश सुरक्षा-तज्ञाने असे पाच अंतिम सर्व्हर चालवून त्यांतून उघड्या जाणाऱ्या टपाल-खात्यांचे परवलीचे शब्द टिपले व त्यांतील शंभर प्रसिद्ध केले. त्यांत भारतासह अनेक देशांच्या वकिलातींची खाती होती. वापरणाऱ्यांनी ‘आपण कोण’ हे लपविण्याच्या साधनालाच ‘आपण काय लिहितो’ हे लपविणारे साधन मानले, ही मूळ चूक होती. अनामिकता आणि मजकुराची गुप्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विस्तारके : ब्राउझरला जोडून त्याच्या कामात भर घालणाऱ्या लहान आज्ञावलीला विस्तारक म्हणतात. प्रॉक्सी वाटेवर काम करतो, तर विस्तारक ब्राउझरच्या आत काम करते. त्यामुळे कुकी व माग काढणाऱ्या आज्ञावली यांना ते उगमापाशीच अडवू शकते. गोपनीयतेसाठी वापरल्या जाणाऱ्या विस्तारकांचे स्थूलमानाने पुढील प्रकार आहेत.

(१) यादीनुसार अडविणारी : जाहिराती व माग काढणाऱ्या सर्व्हरांच्या याद्या स्वयंसेवक अद्ययावत ठेवतात व विस्तारक त्या सर्व्हरांकडे मागणी जाऊच देत नाही. रेमंड हिल यांचे यूब्लॉक ओरिजिन हे यांतील सुप्रसिद्ध असून त्याची उगमसंहिता सर्वांना पाहण्यास खुली आहे. (२) वर्तनावरून अडविणारी : इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे २०१४ पासूनचे प्रायव्हसी बॅजर हे एकच त्रयस्थ अनेक स्थळांवर माग काढताना आढळल्यास त्याला रोखण्याच्या तत्त्वावर आधारलेले आहे. (३) आज्ञावली थांबविणारी : जॉर्जो माओने यांचे नोस्क्रिप्ट हे २००५ पासून उपलब्ध असलेले विस्तारक वापरकर्त्याने परवानगी दिलेल्या स्थळांवरच जावास्क्रिप्ट चालू देते. संरक्षण उत्तम मिळते, परंतु पुष्कळ पृष्ठे नीट चालत नाहीत व प्रत्येक वेळी निर्णय घ्यावा लागतो. (४) प्रॉक्सी बदलणारी : कोणत्या स्थळासाठी कोणता प्रॉक्सी वापरावयाचा, हे यांच्या साहाय्याने ठरविता येते. विस्तारक स्वतः विश्वासू असले, तरी निवडलेल्या प्रॉक्सीच्या विश्वासार्हतेत त्याने काहीही भर पडत नाही.

काही विस्तारकांचे कार्य पूर्ण होऊन ती निवृत्तही झाली. कूटबद्ध पृष्ठ उपलब्ध असल्यास तेच उघडणारे एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर हे विस्तारक २०१० मध्ये आले. पुढे ही सोय ब्राउझरांतच समाविष्ट झाल्याने ते २०२३ मध्ये बंद करण्यात आले.

विस्तारकांत एक अंगभूत विरोध आहे. पृष्ठाचे रक्षण करण्यासाठी विस्तारकाला प्रत्येक पृष्ठ पाहण्याचा अधिकार द्यावा लागतो. म्हणजे रक्षकाला घराच्या सर्व किल्ल्या द्याव्या लागतात. संकेतस्थळांची विश्वासार्हता सांगणारे वेब ऑफ ट्रस्ट हे विस्तारक वापरकर्त्यांचा प्रवास नोंदवून तो इतरांना पुरविते, हे जर्मनीतील एनडीआर या प्रसारण संस्थेने २०१६ मध्ये दाखवून दिले. सुरक्षिततेचा सल्ला देणारे साधनच गळतीचे द्वार ठरले होते. चांगले विस्तारक पुढे दुसऱ्या मालकाला विकले जाणे व नंतरच्या आवृत्तीत त्याचे स्वरूप बदलणे, हाही धोका असतो. शिवाय दुर्मिळ विस्तारकांची गर्दी केल्यास ब्राउझरचा ठसा अधिकच वेगळा होऊन ओळख सोपी होते. म्हणून टॉर ब्राउझरमध्ये नवी विस्तारके जोडू नयेत, असे त्याचे निर्माते सांगतात. ब्राउझर तयार करणारी कंपनी विस्तारकांचे अधिकार कमीही करू शकते. गूगल क्रोममध्ये विस्तारकांसाठी नवी नियमावली सक्तीची करून जुन्या पद्धतीची विस्तारके २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. त्यामुळे यूब्लॉक ओरिजिनच्या मूळ आवृत्तीऐवजी तेथे मर्यादित क्षमतेची आवृत्ती वापरावी लागते.

ब्राउझरमधील अंगभूत सोयी : विस्तारकांनी प्रथम केलेली बरीच कामे आता काही ब्राउझर स्वतःच करतात. सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी पूर्णतः नाकारल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्यांना अडविणे मुळातच चालू ठेवले व २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगवेगळ्या कप्प्यात ठेवण्यास आरंभ केला; त्यामुळे एका स्थळावर मिळालेला बिल्ला दुसरीकडे चालत नाही. गूगलने २०२० मध्ये क्रोममधून त्रयस्थ कुकी हटविण्याचे जाहीर केले होते. परंतु २०२४ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला.

खाजगी किंवा गुप्त खिडकीविषयी मोठा गैरसमज आढळतो. ही खिडकी बंद केल्यावर भेटींची यादी व कुकी त्या संगणकावरून पुसल्या जातात, एवढेच तिचे काम. एकच संगणक अनेकांनी वापरावयाच्या ठिकाणी, उदा., घरी, ग्रंथालयात किंवा सायबर कॅफेत, ती उपयुक्त आहे. संकेतस्थळ, सेवा कंपनी व कार्यालयीन जालाचा व्यवस्थापक यांच्यापासून ती काहीही लपवीत नाही. आपला माग काढू नये, अशी विनंती संकेतस्थळाला कळविण्याची योजनाही (डू नॉट ट्रॅक) पुढे आली होती. तथापि ती मानण्याचे बंधन कोणावरही नसल्याने ती निष्फळ ठरली व तिचे प्रमाणीकरण करणारा कार्यगट २०१९ मध्ये विसर्जित झाला.

साधनांची निवड : सामान्य वाचकाची गरज बहुधा जाहिरात कंपन्यांच्या पाळतीपासून बचाव एवढीच असते. त्यासाठी अद्ययावत ब्राउझर, त्रयस्थ कुकींना मनाई, केवळ कूटबद्ध पृष्ठे उघडण्याचा पर्याय व खुल्या उगमसंहितेचे एखादे अडविणारे विस्तारक पुरेसे होते. प्रॉक्सीची आवश्यकता नसते. स्थळाला आपला पत्ता कळू द्यावयाचा नसेल, तर ज्याचा चालक माहीत आहे असाच प्रॉक्सी किंवा आभासी खाजगी जाल निवडणे इष्ट होय. अनोळखी विनामूल्य प्रॉक्सीवरून बँकेचे व्यवहार करणे, परवलीचा शब्द लिहिणे किंवा आज्ञावली उतरवून घेणे टाळावे आणि प्रमाणपत्राविषयी ब्राउझरने दिलेला इशारा कधीही डावलू नये. ओळख उघड झाल्यास जीविताला वा उपजीविकेला धोका पोहोचेल अशा व्यक्तींना, उदा., वार्ताहर किंवा गैरव्यवहार उघड करणारा कर्मचारी यांना, टॉर ब्राउझर अधिक योग्य ठरतो. मात्र त्यातून आपल्या नावाच्या खात्यात प्रवेश केल्यास सर्व खटाटोप व्यर्थ जातो. कारण स्वतः सांगितलेली ओळख कोणतेही यंत्र लपवू शकत नाही.

कायदेशीर बाजू : यूरोपीय संघात मे २०१८ पासून अमलात आलेल्या विदासंरक्षण नियमांनुसार कुकी व आयपी पत्ता यांचीही गणना वैयक्तिक माहितीत होऊ शकते. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित करण्यात आले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. दुसऱ्या बाजूस गुन्ह्यांच्या तपासासाठी नोंदी ठेवण्याची सक्तीही आहे. २०११ च्या नियमांनुसार सायबर कॅफेचालकाला ग्राहकांची ओळख व वापर यांच्या नोंदी किमान एक वर्ष जतन कराव्या लागतात. केंद्र शासनाच्या संगणक आणीबाणी प्रतिसाद पथकाने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार आभासी खाजगी जालाची सेवा पुरविणाऱ्यांनी ग्राहकांचे नाव, पत्ता, त्यांना दिलेले आयपी पत्ते इ. तपशील पाच वर्षे राखणे आवश्यक करण्यात आले; त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हलविले. प्रॉक्सी किंवा टॉर यांचा साधा वापर हा भारतात स्वतंत्र गुन्हा नाही. परंतु त्यांच्या आडून केलेले बेकायदा कृत्य बेकायदाच राहते. नागरिकाची गोपनीयता आणि तपास-यंत्रणेची गरज यांच्यातील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न तंत्रज्ञानाने सुटणारा नाही. तो कायदे व न्यायसंस्था यांच्यापुढे खुला आहे.